चौघांची पानं

देवाच्या हुकमाने झालेल्या हिंसेविरुद्ध मी जे पत्रक लिहिलं, ते लिहिताना मी एकही पोथी वाचलेली नव्हती. हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणीतरी सांगणारच, आणि पेडण्यात तर ते सांगून झालेलंच आहे.

पत्रकाचं नाव होतं 'देवाने सांगितलं, म्हणून?' खाली पाच उदाहरणं, जाड ठशात. अग्नीला भूक लागली म्हणून देवाने नि त्याच्या मित्राने मिळून आख्खं रान जाळायला दिलं, आणि उडून जाणारं पाखरूसुद्धा बाण मारून परत आगीत पाडलं. ऋषी असलेल्या बापाने आज्ञा केली म्हणून मुलाने सख्ख्या आईचं डोकं उडवलं. समतोल दिसावा म्हणून एक उदाहरण शेजारच्या धर्माच्या ग्रंथातलं: देवाने राजाला सांगितलं, शत्रूची बायकामुलं, बैल, मेंढरं, कोणालाच जिवंत ठेवू नको. प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी तीन उद्गारचिन्हं. ही माहिती मी आमच्या समितीच्या जुन्या पत्रकांतून उचलली होती, आणि ती पत्रकं लिहिणाऱ्यांनी त्याहून जुन्या पत्रकांतून. दह्याला कालच्या दह्याचं विरजण लागतं, तसं. मूळ गाय कोणी पाहिली होती, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

समिती म्हणजे आम्ही सात जण आणि डिचोलीत झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. मी मुळगावची. खाणीच्या लाल धुळीत वाढलेलं माणूस रागीट निघतं, असा माझा सिद्धांत होता. पण माझा भाऊ त्याच धुळीत वाढला आणि तो कुत्र्यालासुद्धा 'हाड' म्हणत नाही. तेव्हा राग माझा स्वतःचाच असावा. सकाळी मी एका शाळेत मुलांना संगणक शिकवत असे आणि दुपारी समाजाला शहाणं करत असे. समाजाला त्याची घाई नव्हती.

आषाढ सरता सरता आतेचा फोन आला. आते म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. पेडण्यातल्या कोरगावला असते, मराठी शाळेत मास्तरीण होती, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. श्रावणभर रोज दुपारी ती आपल्या बाहेरच्या खोलीत वाड्यावरच्या, म्हणजे वाडीतल्या, बायकांना पोथी वाचून दाखवते.

"बाय, माझो डोळो पिकलो," ती म्हणाली. फणस पिकल्याची बातमी द्यावी तसं.

डावा डोळा तिने 'मगे बघूया, मगे बघूया' करत घालवलेला होता. आता उजव्यात मोतीबिंदू. म्हापशाच्या डॉक्टरने श्रावण संपल्याच्या दुसऱ्याच दिवशीची तारीख दिली होती आणि बजावलं होतं, ह्याच्या पुढे थांबलात तर मी हमी देणार नाही. आते डॉक्टरला म्हणाली, आधी पोथी पुरी होऊ दे. आणि पोथीतलं अक्षर तर आता तिला दिसत नव्हतं.

"तू वाच," ती मला म्हणाली.

"वाड्यावर बायका नाहीत का वाचणाऱ्या?"

"आसत मगो. मीच शिकयलंय त्यांका. म्हणानच ठाऊक आसा कशी वाचतत ती."

मग तिने मला नियम सांगितला, फळ्यावर लिहून दिल्यासारखा. ज्या तोंडाने पोथी सुरू होते, त्याच तोंडाने ती संपायची. वाचणारी मधेच उठून गेली तर पोथी खंडली. खंडली की पुन्हा पहिल्या पानापासून, पुन्हा महिना. "आणि म्हयनो माझ्या डोळ्याकडे नाय. समाजला?" मी "हो गं आते" म्हटलं. समजलं होतं. नुसतं ऐकून समजण्यात मी पहिल्यापासून हुशार.

आमच्या निमंत्रकांना कळवलं तेव्हा ते खूश झाले. निमंत्रक म्हणजे समितीचे प्रमुख, ज्यांच्या नजरेखालून प्रत्येक पत्रक जायचं. "उत्तम! शत्रूचा गड आतून बघायला मिळतोय. नोंदी ठेव."

गडावर रोज दुपारी सात-आठ बायका जमायच्या. कोणी वाती वळायची, कोणी तांदूळ निवडायची, आतेची भाडेकरीण पोराचं दप्तर शिवायची. ही भाडेकरीण वेंगुर्ल्याकडची, तोंडाने फटकळ. तिचा नवरा डिचोलीला खाणीवर टिपर चालवायचा. मी चौरंगामागे बसून वाचायची. पोथीला रोज गूळखोबऱ्याचा नैवेद्य, समोर समई. आणि एक रीत: दर ओवीनंतर बायका 'हूं' म्हणायच्या. तो हूं आल्याशिवाय पुढे जायचं नाही. माझ्या कोपरासभांना एवढी दाद आयुष्यात मिळाली नव्हती.

पहिल्याच दिवशी मी ओव्या वाचायला घेतल्या त्या बसस्टॅंडवर वाचाव्या तशा. दहा ओव्या होतात न होतात तोच भाडेकरीण म्हणाली, "गो बाय, वाचतंस काय झगडतंस?"

"तिचो घसोच तसो," आतेने मला सांभाळून घेतलं. "मोर्च्यांनी खाल्ल्यान तो."

आठवडाभराने रान जाळण्याचा अध्याय आला. ह्याची मी वाटच बघत होते. अध्याय संपवून मी चष्मा काढला आणि भाषणाला सुरुवात केली. "विचार करा. झाडं, हरणं, पिल्लं, सगळी जाळली. कशासाठी? तूप खाऊन खाऊन अग्नीला अजीर्ण झालं होतं म्हणून."

"तर मगो," भाडेकरीण दोरा दाताने तोडत म्हणाली. "अजीर्ण झाला तर ओवो खावचो. रान कित्याक खाल्ल्यान?"

बायका खदखदून हसल्या. मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं, डोंगर आणि खाणीवरचं. तेवढ्यात तीच म्हणाली, "आमच्या खाणवाल्यांकय तसलांच अजीर्ण झाला असतला. घोवाक विचारतंय आज." माझं वाक्य तिने माझ्याआधी म्हटलं, तेही अर्ध्या शब्दांत. मी चष्मा परत घातला. रात्री नोंदवहीत लिहिलं: 'श्रोत्यांमध्ये चिकित्सक वृत्तीचा अभाव.' ती वही मी जपून ठेवली आहे. स्वतःबद्दल फार बरं वाटायला लागलं की काढून वाचते.

असं करत आईच्या हत्येचा अध्याय आला. त्या दिवशी मी लवकर पोचले. स्कूटर लावून मागीलदारी हात धुवायला गेले तर फणसाखाली चार केळीची पानं ओळीने मांडलेली. प्रत्येकावर पेजेचा मऊ भात, गुळाची खीर, एक घास उसळ. दोन कावळे आणि एक मांजर आधीच जेवायला बसलेली. माझ्या डोक्यात लगेच मथळा तयार झाला. आईच्या खुनाचा अध्याय, आणि त्याच दिवशी ह्या बायका भुतांना पानं वाढतात! खुनाचा उत्सव! मी फोटो काढला. 'आईच्या खुनाचा नैवेद्य! पेडण्यात आजही!!!' असं खाली लिहून समितीच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या मिनिटात निमंत्रकांचं उत्तर आलं: 'जबरदस्त. सगळ्यांनी पुढे पाठवा. हेच पुढच्या पत्रकाचं पहिलं पान.'

छाती फुगवून मी पोथीसमोर बसले. कोणाला तरी विचारायला हवं होतं, 'ही पानं कोणाची?' आते स्वयंपाकघरात होती, दहा पावलांवर. पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर मथळा गेला असता.

अध्याय सुरू झाला. ऋषीची बायको नदीवर पाणी आणायला जाते. तिथे कोणी राजपुरुष पाण्यात खेळत असतो, तिचं मन क्षणभर तिकडे जातं, एवढंच. ती ओलेती घरी येते, ऋषी ओळखतो, भडकतो. थोरल्या मुलाला बोलावतो आणि आज्ञा करतो, हिला मार. इथवर आले आणि मी पोथी मिटली.

"मी हे वाचणार नाही," मी म्हटलं.

कोणी हूं म्हटलं नाही.

"वाच," आते म्हणाली.

"नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे, आते. बापाने सांगितलं, देवाने सांगितलं, म्हणून आईला मारायचं, आणि ते आपण दिवा लावून ऐकायचं?"

"तत्त्व फुडल्या पानार आसा," आते शांतपणे म्हणाली. "वाच फुडे."

ह्याहून स्पष्ट काय सांगायचं असतं माणसाला? पण मी उभी राहिले, ओढणी खांद्यावर टाकली आणि सभात्याग केला. सभात्यागाचा मला बराच अनुभव होता. ग्रामसभेतून दोनदा केला होता. फक्त सभात्यागाला सुरू होणारं वाहन लागतं, हे कोणी शिकवलं नव्हतं. पाऊस भुरभुरत होता आणि माझी स्कूटर भिजून थंड पडली होती. फाटकात उभी राहून मी किका मारत होते. एक, दोन, सात, अकरा. आतून सगळ्या बघत होत्या.

भाडेकरीण डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. हातात फोन.

"ह्यां बघ. घोवान धाडल्यान डिचोलीसून. आमचो फणस फोनार इलो." माझाच फोटो. माझीच तीन उद्गारचिन्हं. "कोणाचो गो खून? आणि निवेद कोणाक?"

"ती पानं... भुतांना नाही का?"

"भुतांका!" तिने कपाळाला हात लावला. "शिकललंस मगो तू? त्या म्हाताऱ्याक झिल किती?"

मला माहीत नव्हतं. माझ्या पत्रकात एकच मुलगा होता.

"पाच. पयल्याक सांगल्यान आवशीक मार, तो म्हणालो नाय. दुसऱ्याक सांगल्यान, तोय म्हणालो नाय. तिसरो नाय. चवथो नाय. चौघांकय म्हाताऱ्यान श्राप दिल्यान. वाचा गेली, मती गेली, जनावरां-पाखरांसारखे झाले. मग त्यांका पान खंय वाढतलंव? घरात? झाडाखालीच मगो, कावळ्या-मांजरांक. वाड्यावरच्या बायका आदीपासून वाढतत. आणि आज पोथयेक निवेद नाय. आवशीक मारलेल्या दिसाक ती उपाशी. चौरंगासमोर बसलंस तू, तुका दिसला नाय?"

दिसलं नव्हतं. मोतीबिंदू आतेला होता म्हणे.

माझ्या पत्रकात हुकूम देणारा होता, मारणारा होता, मरणारी होती. 'नाही' म्हणणारे चौघे नव्हते. आणि 'नाही' म्हणणं हा तर माझा धंदा! मूळ कथेत ते होते, एका पानाच्या अंतरावर, आणि ह्या गावात त्यांना दरवर्षी जेवायला वाढत होते. हे मी शोधून काढलं असतं तर त्यावर एक पुस्तिका काढली असती. मी त्यांच्या पानांचा फोटो काढून निषेध केला होता.

"आणि गेलंस तर जा," ती पुढे म्हणाली. "पोथी खंडली म्हणूया. परत पयल्या पानापासून. तिचो डोळो म्हयनो थांबतलो काय, तां तूच सांग."

खरं सांगते, त्या अकरा किका मारेपर्यंत डोळा माझ्या मनात आलाच नव्हता. नियम मला पाठ होता, पण तत्त्वाच्या भरात आठवला नाही. त्या ऋषीला निदान मुलांना हाका माराव्या लागल्या. मी हुकूमही मीच सोडला आणि पाळलाही मीच. समोर होता तो आतेचा एकुलता एक डोळा.

मी आत गेले. समई जळत होती. आते पोथीवर हात ठेवून बसली होती, कोणी उचलून नेईल अशी. प्रश्न असा पडला होता की पोथी खंडली की नाही. बायकांत दोन पक्ष झाले.

"खंडली. ती भायर गेली."

"भायर खंय? फाटकात होती."

"गाडयेचां फुडलां चाक रस्त्यार होतां. मी बघलंय."

"चाक वाचता काय पोथी?" भाडेकरीण म्हणाली. "तिचे पाय आत होते. चूळ भरूक उठली म्हणूया."

सगळ्यांनी आतेकडे बघितलं. मी स्वतःच्या पायांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या रूढीची पळवाट सापडावी असं मनापासून वाटत होतं.

"पाय आत होते?" आतेने मला विचारलं, वर्गात विचारायची तशा आवाजात.

"आत होते."

"मग चूळ भर. आणि अध्याय पयल्यापासून वाच. झगडू नको."

मी चूळ भरली आणि मोरीत उभ्याउभ्याच ग्रुपवरचा फोटो काढून टाकला. बसले. नदी, पाणी, ओलं लुगडं, ऋषीचा राग, पुन्हा सगळं. हूं, हूं. थोरल्या मुलाला आज्ञा झाली. पुढच्या ओवीत तो मान खाली घालून नकार देतो. मी ती वाचली आणि हूं यायची वाट बघत थांबले.

"नाय!" सगळ्या बायका एकदम म्हणाल्या.

मी दचकले. दुसरा मुलगा. "नाय!" वाती वळणारे हात थांबलेले. तिसरा. "नाय!" आता आवाज पडवीच्या बाहेर जात होता. चौथ्याला आतेचा आवाज सगळ्यांच्या वर होता, मास्तरणीचा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. इतक्या घोषणा दिल्या मी, डिचोलीत, पणजीत, कलेक्टरच्या दारात, पण अंगावर काटा आणणारी घोषणा ऐकली ती कोरगावात, तांदूळ निवडणाऱ्या बायकांच्या तोंडून.

मग पाचवा मुलगा येतो. तोच, ज्याने पुढे बाण मारून समुद्र मागे हटवला आणि आम्हाला राहायला ही जमीन काढून दिली. तो कुऱ्हाड उचलतो. बायकांनी तोंडं भिंतीकडे फिरवली. सगळ्यांनी. मी ओवी वाचली, थांबले. हूं नाही. दुसरी वाचली. नाही. हूं आल्याशिवाय पुढे जायचं नाही अशी रीत, आणि त्या दिवशी हूं कोणी देतच नव्हतं. जे घडलं ते माझ्या एकटीच्या तोंडून घडत होतं. माझा घसा बसला. मोर्च्यांनी खाऊन उरलेला जो होता, तोही.

बाप खूश होतो, वर माग म्हणतो. मुलगा आईचे प्राण परत मागतो, भावांची वाचा परत मागतो, आईला हे काही आठवू नये असंही मागतो. आई उठून बसते. बायकांनी तोंडं वळवली.

"आवस परत इली," भाडेकरीण सुई ओवत म्हणाली, "पण त्या घरात परत रवली कशी, तां काय पोथयेत नाय."

"तिका आठवणा नाय मगो," दुसरी म्हणाली.

"चौघांक आठवतलां," आते म्हणाली आणि तिने समईची वात सारली.

संध्याकाळी निमंत्रकांचा फोन. "फोटो का काढून टाकलास?"

मी त्यांना चौघांची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. "ते ठीक आहे. पण चार भाऊ घातले की मुद्दा पातळ होतो. फोटो परत टाक. समितीचा निर्णय आहे."

"नाही."

"अगं, वरिष्ठांनी सांगितलंय."

मला हसू आलं, आणि ते नेमकं फोनवर ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर नव्हते. श्राप वगैरे काही लागला नाही, पण दोन दिवस कोणाशी धड बोलता येईना, घसा खरोखरच बसला होता. पोथीपुरता आवाज मी दुपारसाठी राखून ठेवायची. आलं-मध चाटून शेवटचा अध्याय वाचला. समाप्तीला आतेने केळीच्या पानावर सगळ्यांना जेवायला घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला भावाच्या गाडीतून म्हापशाला नेलं. स्कूटरवर कोणाचाच विश्वास उरला नव्हता.

पट्टी निघाली त्या दिवशी ती काळा चष्मा लावून पडवीत बसली. चहात पावाचा उंडा बुडवून खाल्ला. मग म्हणाली, "तुझा तां पत्रक हाड. लोकांनी वाचला, मीच नाय."

मी दिलं. आतेने ते हातभर लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं. पिशवीतून लाल पेन काढलं. मास्तरणी निवृत्त होतात, लाल पेनं होत नाहीत. पंधराच्या पंधरा उद्गारचिन्हांवर तिने एकेक गोल केला. आईच्या उदाहरणापाशी थांबली, समासात '४?' असा आकडा घातला आणि खाली लिहिलं, 'मूळ धडा वाचून पुन्हा लिहिणे.' मार्क दिले नाहीत.

"दिसतंय सगळं?" मी विचारलं.

"तुझ्या छापाची अक्षरां किडक्या चवळयेसारखी, तींय दिसतत." तिने कागद घडी करून मला परत दिला. "फुडल्या वर्साक पोथी माझी मी वाचतलंय. तू फणसाखाली चौघांची पानां मांडूक ये. वेळेर ये, आणि फोन घरात ठेव."

"आणि पाचव्याचं पान?" मी विचारलं. जुनी सवय, कोणी वगळला गेला की मला लगेच खुपतं.

आतेने काळा चष्मा नाकावर सरकवून नव्या डोळ्याने माझ्याकडे नीट बघितलं.

"ताका कित्याक?" ती म्हणाली. "ताका देवळां आसत."